बोटाचा सांधा कायमचा 'ताठ' करायचं ऑपरेशन : आधीची तयारी अन् नंतरचे तीन महिने

नागपूर : कडबा कुट्टीत बोट गेलं, टाके पडले, जखमही भरली. पण चार वर्षं झाली तरी विळा धरला की मधला सांधा ठणकतो. किंवा वय पन्नाशीपुढचं, बोटांच्या शेवटच्या पेराजवळ गाठी आल्या आहेत आणि सकाळी बादलीची कडी धरवत नाही. अशा माणसाला हाडाचे डॉक्टर एक दिवस सांगतात, "हा सांधा फ्यूज करावा लागेल." तो गावी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते की डॉक्टर बोट कायमचं ताठ करणार. मग पारावर सल्ला मिळतो : त्यापेक्षा दुखलेलं बरं.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. त्या सांध्याची हालचाल कायमची जाते, ती परत येत नाही. पण दुखणंही त्याच्यासोबतच जातं, आणि हे ऑपरेशन त्यासाठीच असतं. म्हणून 'हो' म्हणण्याआधी आणि 'नाही' म्हणण्याआधीसुद्धा, नेमकं काय करतात ते समजून घ्या.

दोन हाडांचं एक हाड

सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत आवरण असतं, त्याला कूर्चा म्हणतात. आपण बोलताना गादी म्हणतो. जुनी दुखापत, वयामुळे होणारी झीज, आमवात किंवा सांध्यात झालेला जंतुसंसर्ग यांनी ती गादी खराब झाली की हाड हाडावर घासतं. दर वेळी बोट वाकवलं की कळ येते ती त्यामुळे.

ऑपरेशनमध्ये उरलेली गादी खरवडून काढतात, हाडांची टोकं एकमेकांवर नीट बसवतात आणि तार, पिन, स्क्रू किंवा छोटी पट्टी लावून घट्ट धरून ठेवतात. जागा रिकामी राहत असेल तर मनगटाजवळून किंवा कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे भरतात. पुढचं काम शरीर करतं. मोडलेलं हाड जसं जुळतं तशी ही दोन हाडं जुळून एक होतात. डॉक्टरांच्या भाषेत याला आर्थ्रोडेसिस म्हणतात. चिठ्ठीवर तोच शब्द लिहिलेला असेल.

हा काही नवा प्रयोग नाही. आपल्या विदर्भाला तर कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांची जुनी ओळख आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम १९३६ मध्ये सुरू झालं, वरोऱ्याला बाबा आमटेंचं आनंदवन १९४९ मध्ये उभं राहिलं. त्याच सुमारास तिकडे तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांच्या हातावर ऑपरेशनं करू लागले होते. स्नायूची दोरी दुसरीकडे वळवून बोट सरळ करता येतं. पण सांधाच आखडून बसला असेल तर तो कामाला येईल अशा कोनात पक्का करतात. म्हणजे अनेक वर्षांपासून हे ऑपरेशन हात कामाला लावण्यासाठीच होत आलं आहे.

ताठ म्हणजे सरळ नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. बोट काठीसारखं सरळ करून सोडत नाहीत, सांधा कोणत्या कोनात बसवायचा ते ठरवून बसवतात. शेवटच्या पेराचा सांधा बहुधा जवळजवळ सरळ ठेवतात. मधला सांधा मात्र वाकवलेला ठेवतात : तर्जनीला साधारण ४० अंश, आणि पुढे करंगळीकडे जाताना प्रत्येक बोटाला थोडं थोडं जास्त. कारण कुऱ्हाडीचा दांडा किंवा विळ्याची मूठ आपण घट्ट धरतो ती करंगळीच्या बाजूने. तर्जनी आणि अंगठा सुई धरायला, कापूस वेचायला, चिमूट भरायला. दोघांचं काम वेगळं, म्हणून कोनही वेगळा.

हा कोन ठरवताना तुमचं काम डॉक्टरांना माहीत असलं पाहिजे, आणि ते त्यांना तुम्हीच सांगायचं आहे. ओपीडीत गर्दी असते, तेव्हा विचारायची वाट पाहू नका. "मी दोन म्हशींचं दूध काढतो", "मी भिवापूरकडे मिरची तोडायला जाते", "मी शिलाई करते", "आमचा संत्र्याचा बगिचा आहे, कातर चालवावी लागते" असं सरळ सांगा. घरून निघताना विळ्याची किंवा कातरीची मूठ पिशवीत घालून नेली तरी कोणी हसणार नाही. हसलं तर हसू द्या, बोट तुमचं आहे.

एक चाचणी आधी मागून घ्यावी. ज्या कोनात सांधा बसवणार त्याच कोनात बोटाला प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी बांधून काही दिवस घरची कामं करून पाहा. भाकरी थापा, गाठ बांधा, दोरा ओवा, शर्टाची बटणं लावा. दुखणं थांबतं का, आणि कुठलं काम अडतं, हे दोन्ही त्यात कळतं. आधी पट्टी उलगडता येते. ऑपरेशन उलगडता येत नाही.

दुसरा उपाय आहे का, हेही विचारा. काहींना पट्टी, गोळ्या आणि सांध्यातलं इंजेक्शन यावर बरीच वर्षं काढता येतात. काही सांध्यांत कृत्रिम सांधा बसवतात, त्यात हालचाल राहते, पण जड काम करणाऱ्या हातात तो झिजायचा किंवा ढिला व्हायचा धोका जास्त असतो. शेतकरी-मजुराच्या हाताला डॉक्टर फ्यूजन सुचवतात त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं.

खर्रा

याला वेगळं शीर्षक द्यायचं कारण आपल्याला माहीतच आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात, कधी जुळतच नाहीत. तंबाखूतलं निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि बोटातल्या रक्तवाहिन्या आधीच बारीक. खर्ऱ्यातही तंबाखूच असतो. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधी सोडायचा आणि हाड जुळेपर्यंत हात लावायचा नाही. "धूर तर काढत नाही ना" ही सबब चालत नाही.

दुसरं असं की, वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड पुरतं उघडत नाही. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासाची नळी घालायला त्याचा अडथळा होतो. तेव्हा भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा लाजून खोटं सांगू नका. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर स्वतःहून सांगा.

सिकलसेल असेल तर आधी सांगा

हाताच्या ऑपरेशनमध्ये रक्त कमी वाहावं म्हणून दंडाला पट्टा बांधून फुगवतात आणि काही वेळ हाताचा रक्तपुरवठा थांबवतात. सिकलसेल असणाऱ्यांसाठी हे जोखमीचं ठरू शकतं. आपल्या भागात हा आजार अनेक घरांत आहे. आपल्याला किंवा भावंडांना सिकलसेल निघाला असेल, नुसते वाहक असाल तरीसुद्धा, कार्ड सोबत न्या आणि दाखवा. कधी तपासणीच झाली नसेल तर ऑपरेशनच्या रक्ततपासणीत तीही करायला सांगा.

शुगर असेल तर ती आधी आटोक्यात आणावी लागते, नाहीतर जखम चिघळते. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा आमवाताची औषधं चालू असतील तर पाकिटंच घेऊन जा. बंद करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने बंद करू नका. सांधेदुखीवर कुठून आणलेल्या बिननावाच्या पुड्या खात असाल तर त्याही दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि त्याने जखम भरायला वेळ लागतो.

कधी करायचं

जीव जायचं ऑपरेशन नाही, त्यामुळे तारीख निवडता येते. हात कामाला लागेपर्यंत तीन महिने धरा. कुही-मौद्याकडे ऐन रोवण्याच्या तोंडावर किंवा काटोल-सावनेरकडे कापूस वेचणीच्या दिवसांत केलं तर हंगामाची मजुरी बुडते. त्याहून वाईट म्हणजे, घरातली बाई आठवड्यातच चिखलात हात घालते. कापूस-तुरीचं आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये करून घेतलं तर पेरणीपर्यंत वेळ मिळतो. उन्हाळ्यात प्लास्टरच्या आत घाम येतो, खाज सुटते, ते सोसावं लागेल. आत काडी घालून खाजवू नका. आमवाताने किंवा जंतुसंसर्गाने सांधा झपाट्याने खराब होत असेल तर मात्र हंगाम बघत बसू नका.

पैशाचं आधी विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण उपचार योजनेच्या यादीत असले आणि रुग्णालय योजनेत असलं तरच. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनचं नाव दाखवून विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० आहे. नागपुरात मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी ठिकाणं आहेत. वर्धेकडच्या लोकांना सेवाग्राम जवळ पडतं.

ऑपरेशनचा दिवस

अंगठी, बांगड्या, कडं घरीच काढा. सौभाग्याचं लेणं म्हणून बांगडी राहू द्या असा आग्रह होतो, पण हाताला सूज येते आणि मग ती कापून काढावी लागते. नखांचा रंग पुसा, मेंदी लावू नका. ढगळ बाहीचा, पुढे बटणं असलेला कपडा घाला. उपाशी किती तास राहायचं ते सांगितलेलं असतं, त्यात चहासुद्धा येतो.

बऱ्याच वेळा फक्त हात बधिर करतात, काखेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ इंजेक्शन देऊन. रुग्ण जागा असतो. हात काही तास मेल्यासारखा लागतो, त्याला घाबरू नका. पण त्या वेळात तो चुलीजवळ, गरम भांड्याजवळ जाऊ देऊ नका, भाजलं तरी कळणार नाही. बधिरपणा बहुधा रात्री उतरतो आणि दुखणं एकदम येतं. म्हणून वेदनेची गोळी दुखायला लागायच्या आधीच, सांगितलेल्या वेळेला घ्या.

पहिले पंधरा दिवस

हात छातीच्या वर ठेवायचा. झोपताना दोन उशांवर, बसताना खांद्याजवळ. हात खाली लोंबला की सूज वाढते आणि दुखणं सुजेमुळेच जास्त असतं. मोकळी बोटं, कोपर आणि खांदा दिवसातून चार-पाच वेळा हलवत राहा. घाबरून अख्खा हात बांधून बसलेल्या लोकांचं एक बोट बरं होतं आणि बाकीची आखडतात.

उजव्या हाताचं ऑपरेशन असेल तर जेवण आणि धुणं दोन्ही एकाच हातावर येतं. हे कोणी सांगत नाही, पण पहिल्याच दिवशी अडतं. चमचा आणि साबण दोन्ही जवळ ठेवा, चार दिवस आधीपासून डाव्या हाताने जेवायची सवय करा. घरातल्यांनी भाकरी कुस्करून द्यावी, त्यात कमीपणा नाही.

रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून काळजी नको. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, दुसऱ्या हाताचं बोट लावा किंवा कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पाठवा.

प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही, अंघोळीला वरून प्लास्टिकची पिशवी बांधा. पिनेचं टोक चामडीबाहेर असेल तर शेण, माती, ढोरांचा चारा यांपासून लांब राहा. त्यावर हळद, तेल, पाल्याचा लेप काहीही नको. आणि गावात कोणी "ओढून बसवून देतो" म्हणालं तर हात त्याच्या हाती देऊ नका.

बोटाचं टोक निळं किंवा पांढरं पडलं, थंड लागलं, गोळी घेऊनही दुखणं वाढतच गेलं, मुंग्या येऊन बोट बधिर झालं, ताप आला, पू किंवा घाण वास आला, पिन हलायला लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी जा. कुष्ठरोगाने किंवा शुगरने ज्यांच्या हाताला संवेदना कमी आहे त्यांना यातलं काही दुखणारच नाही. त्यांचा हात घरातल्या कोणीतरी रोज डोळ्यांनी पाहिला पाहिजे.

पुढचे अडीच महिने

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. पट्टी किंवा प्लास्टर सहा आठवड्यांच्या आसपास राहतं. बाहेरची पिन सहा ते आठ आठवड्यांनी, एक्स-रे पाहून काढतात. आतला स्क्रू किंवा पट्टी त्रास देत नसेल तर तशीच राहते. मनगटाचा सांधा असेल तर याहून जास्त वेळ लागतो.

दुखणं थांबलं म्हणजे हाड जुळलं असं नाही, आणि इथेच बरेच लोक चुकतात. पाचव्या आठवड्यात बरं वाटतं, माणूस मोटरसायकलचा क्लच दाबतो, पोतं उचलतो आणि पिन वाकते. जुळलं की नाही ते एक्स-रे सांगतो. काहींमध्ये नीट काळजी घेऊनही हाड जुळत नाही, तेव्हा पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. ही शक्यता सही करण्याआधी डॉक्टरांकडून ऐकून घ्या.

परवानगी मिळाल्यावर पकड परत आणायचे व्यायाम सुरू होतात. मेडिकलमध्ये व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. ते लोक पट्ट्या बनवून देतात आणि बदललेल्या बोटाने जुनं काम कसं करायचं ते शिकवतात. विळ्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली तर न वाकणाऱ्या बोटालाही पकड येते, हा उपाय घरी करता येतो. हिवाळ्यात ते बोट थंडीने जास्त झोंबतं, पहिला हिवाळा हातमोजा घाला.

तपासणीला जाताना पहिला एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या, आणि दोन्हींचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. पावसाळ्यात कागद ओला होतो, आणि जुना एक्स-रे समोर नसला की नव्यात फरक किती पडला ते डॉक्टरांना कळत नाही.