कुंपणानेच शेत खाल्लं तर?

लखनौच्या चारबाग स्टेशनपासून हजरतगंज काही फार लांब नाही. तिथे उत्तर प्रदेश सहकारी बँकेचं मुख्यालय आहे. १५ ऑक्टोबर २०२२ च्या शनिवारी या बँकेतून १४६ कोटी रुपये भलत्याच खात्यांत वळते झाले. तिजोरीला कुणी हातही लावला नाही. अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड वापरूनच व्यवहार झाले. आतल्यांची साथ होती, असं तपासात पुढे आलं. सुदैवाने बहुतेक रक्कम वेळीच गोठवता आली.

लखनौत निदान आतला माणूस तरी लागला. आता पासवर्ड चोरायला तोही लागत नाही. घरून काम करणाऱ्याला कंपनीच्या नेटवर्कमध्ये आणणारं व्हीपीएन बऱ्याच ठिकाणी फायरवॉलच्याच डब्यात चालतं. राखणीला ठेवलेला हा डबा चोवीस तास इंटरनेटसमोर उभा असतो, आणि त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही चुका निघतात.

फोर्टिनेट या कंपनीच्या फायरवॉलमधली अशी एक चूक गाजली. विशिष्ट तऱ्हेने रचलेला वेब-पत्ता पाठवला की लॉगिन न करताच डब्यातली एक फाइल वाचता यायची, आणि तिच्यात व्हीपीएन वापरणाऱ्यांची नावं व पासवर्ड सरळ अक्षरांत असायचे. दुरुस्ती २०१९ च्या मे महिन्यातच आली होती. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७ हजार डब्यांचे पासवर्ड चव्हाट्यावर आले. यातल्या काहींवर दुरुस्ती झालेलीही असेल. पण पासवर्ड तेच ठेवले असतील, तर धोका कायम आहे, असं कंपनीनेच बजावलं. दुरुस्तीने भोक बुजतं. आधीच गेलेला पासवर्ड चालतच राहतो. माझ्या मते आपल्याकडे नेमकं हेच कुणी लक्षात घेत नाही.

मे २०२१ मध्ये अमेरिकेची कलोनिअल ही इंधन पाइपलाइन सायबर हल्ल्यात बंद पडली, ती वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्याच्या पासवर्डमुळे. त्या खात्याला ओटीपीसारखी दुसरी तपासणी नव्हती. हल्लेखोरांना खंडणी गेली ७५ बिटकॉइन.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा ९४ कोटींचा सायबर दरोडा वेगळ्या वाटेने झाला, पण सहकारी संस्था चोरांच्या नजरेत आहेत हे त्याने दाखवलं. तेव्हा पतसंस्थेच्या संचालकांनो, पुढच्या सभेत तीन प्रश्न विचारा: फायरवॉलची शेवटची दुरुस्ती कधी झाली, त्यानंतर सगळ्यांचे पासवर्ड बदलले का, आणि नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद केली का? उत्तरं लेखी मागा.