ढगांआडून शेत पाहणारा उपग्रह

अतिवृष्टी झाली की आम्हा बचत गटाच्या बायकांच्या बैठकीत एकच विषय असतो: शेतात पाणी किती दिवस साचलं आणि ते कुणी पाहिलं? वरून उपग्रहानं पाहिलंच असेल, असं आपल्याला वाटतं. पण फोटो काढणाऱ्या साध्या उपग्रहाला सूर्याचा उजेड लागतो. आभाळ भरलं की त्याला ढगच दिसतात. ऐन गरजेच्या वेळी त्याचा उपयोग होत नाही.

रडार उपग्रहाचं तसं नाही. तो स्वतः जमिनीकडे रेडिओ लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरी टिपतो. विहिरीत हाक मारली की आवाज परत येतो ना, तसंच. या लहरी ढगांतून आरपार जातात, रात्रीही चालतात. साचलेलं संथ पाणी आरशासारखं असतं. तिरप्या आलेल्या लहरी ते पलीकडेच परतवतं, म्हणून चित्रात पाणी काळं दिसतं. नांगरलेल्या ढेकळांवरून लहरी चहूकडे उधळतात, काही उपग्रहाकडे येतात, म्हणून ती जमीन उजळ दिसते. पावसाआधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं की पाणी कुठवर आलं ते कळतं.

आपल्या इस्रोनं असा ‘ईओएस-०४’ उपग्रह फेब्रुवारी २०२२ मध्ये सोडला. त्यानंतर ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि अमेरिकेच्या नासानं मिळून केलेला ‘निसार’ श्रीहरिकोटाहून गेला. तो ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि दर १२ दिवसांनी त्याच वाटेवर परत येतो. त्याच्या लहरी दोन प्रकारच्या आहेत. त्यातली सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहर पानांतून खालपर्यंत पोहोचते.

पण बायांनो, उपग्रहाला पाणी दिसतं, सातबारा दिसत नाही. तो नेमका त्याच दिवशी आपल्या गावावरून जाईल असंही नाही. म्हणून पाणी साचलं की त्याच दिवशी फोटो काढा, तारीख आणि गट नंबर लिहून ठेवा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवून पंचनामा करून घ्या.

आणि एक. भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. राबणारी आपण, नाव मात्र दुसऱ्याचं, असं किती घरांत आहे! नवऱ्याच्या संमतीनं बायकोचं नाव लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपला सातबारा सोबत आणा. आपण मिळून वाचू.