लाकडी मँटलची दरआकारणी

मँटल म्हणजे फायरप्लेसच्या, अर्थात भिंतीत बांधलेल्या शेकोटीच्या, तोंडावर बसवलेली आडवी लाकडी तुळई किंवा जाड फळी होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे अशा तुळया गिऱ्हाईकाच्या मापाप्रमाणे कापून देणे हा लहान सॉ मिलचा एक नेहमीचा व्यवसाय आहे. फळ्यांच्या प्रचलित दराने मँटलची किंमत काढली, तर ती बहुधा मिलचालकाच्या तोट्याची ठरते. मँटलच्या किमतीत लाकडाच्या घनफळाचा वाटा निम्म्याहूनही कमी असू शकतो. उरलेली रक्कम ओंडक्याची जाडी, सुकवण, तडकण्याचा धोका आणि हातकाम यांची असते.

स्वरूप

शेकोटीवर धूर ओढून घेण्यासाठी बांधलेल्या झाकणवजा छत्रीला पूर्वी मँटल म्हणत. पुढे ते नाव भिंतीतील शेकोटीभोवतीच्या सजावटीला आणि अखेर वरच्या तुळईला मिळाले. भारतात महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणच्या ब्रिटिशकालीन बंगल्यांत हा प्रकार आढळतो. एरवी मराठी वाचकाचा त्याच्याशी संबंध येतो तो प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत घर घेणाऱ्या आप्तांमुळे.

सहा फूट लांब, आठ इंच खोल आणि सहा इंच जाड हे बरेच मागितले जाणारे माप आहे. खाली उदाहरणांसाठी तेच धरले आहे. सर्व बाजू सरळ कापलेल्या, एक कड सालीखालच्या नैसर्गिक वळणासह राखलेल्या, किंवा कुऱ्हाडीने तासल्याचा भास देणाऱ्या अशा विविध तऱ्हांना मागणी असते. जुन्या धान्यकोठारांतून काढलेल्या तुळया आणि तीन-चार फळ्या जोडून केलेली पोकळ पेटी हे भरीव मँटलचे दोन प्रतिस्पर्धी आहेत. पोकळ पेटी हलकी असते व तडकत नाही. तिला कमअस्सल मानण्याची रीत असली तरी त्यामागे फारसे कारण नाही.

मोजमाप

उत्तर अमेरिकेत कापीव लाकूड ‘बोर्ड फूट’ या एककात मोजतात. एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळीचे घनफळ, म्हणजे १४४ घन इंच, हा एक बोर्ड फूट होय. महाराष्ट्रातील वखारीत चालणारा एक घनफूट म्हणजे १२ बोर्ड फूट. वरील मापाच्या मँटलमध्ये २ घनफूट, म्हणजे २४ बोर्ड फूट लाकूड असते.

कापलेल्या लाकडाचे माप असे सरळ असले तरी न कापलेल्या ओंडक्याचे तसे नसते. ओंडक्यातून किती फळ्या निघतील याचा अंदाज देणारी अनेक कोष्टके प्रचलित आहेत. त्यांपैकी डॉइल कोष्टकाचे सूत्र असे: निमुळत्या टोकाच्या इंचांतील व्यासातून ४ वजा करावेत, बाकीला ४ ने भागावे आणि आलेल्या संख्येचा वर्ग फुटांतील लांबीने गुणावा. १६ इंच व्यासाच्या आठ फुटी ओंडक्याला हे सूत्र ७२ बोर्ड फूट देते. त्याच ओंडक्याला ‘इंटरनॅशनल पाव इंची’ कोष्टक ८५ देते. व्यास लहान असला की डॉइल फारच कमी आकडा दाखवते. १० इंची आठ फुटी ओंडका त्याच्या हिशेबात अवघा १८ बोर्ड फूट भरतो.

भारतातील जुनी घेर-चतुर्थांश पद्धतही याच स्वभावाची आहे. ओंडक्याच्या घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग लांबीने गुणला, की खऱ्या घनफळापेक्षा सुमारे साडेएकवीस टक्के कमी आकडा येतो. साल, भुसा व कडा यांत जाणाऱ्या लाकडाची सूट घेणाऱ्याला मापातच मिळते.

ओंडका आणि गाभ्याचा प्रश्न

खोडाच्या मध्यातून जाणारी मऊ रेषा, म्हणजे भेंड, तुळईच्या आत ठेवायची की बाहेर, यावर मँटलची किंमत सर्वांत जास्त अवलंबून असते. सहा गुणिले आठ इंच चौकोनाचा कर्ण १० इंच भरतो. म्हणून भेंड आत ठेवायची असेल तर दहा-अकरा इंच व्यासाचा सरळ ओंडका पुरतो. आता वरचा आकडा पुन्हा पाहावा. डॉइलप्रमाणे १८ बोर्ड फुटांचे पैसे देऊन घेतलेल्या अशा ओंडक्यातून आठ फुटी तुळई निघाली, तर ती ३२ बोर्ड फुटांची असते. स्वस्त मँटलचे रहस्य येथे आहे.

भेंड असलेली तुळई सुकताना तडकते, ही या स्वस्ताईची दुसरी बाजू. वर्तुळाकार वाढवलयांना समांतर दिशेने लाकूड जितके आटते, त्याच्या साधारण निम्मेच ते मध्यापासून सालीकडच्या दिशेने आटते. उत्तरेकडील लाल ओकमध्ये पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरड्यापर्यंतचे हे प्रमाण अनुक्रमे ८.६ व ४.० टक्के आहे. भेंडीभोवतीची सगळी वलये पूर्ण असल्याने हा ताण कोठेतरी फुटणे अटळ असते. तडा भिंतीकडच्या बाजूला जावा म्हणून काही मिलचालक तुळईच्या पाठीवर लांबीभर खोल खाच कापतात. हा उपाय बराचसा उपयोगी पडतो, मात्र त्याची हमी देता येत नाही.

भेंड टाळायची असेल तर दोन तुळया मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना काढाव्या लागतात. मध्ये एक इंच सोडला तर १३ गुणिले ८ इंचांचा चौकोन ओंडक्यात बसावा लागतो व त्याचा कर्ण सव्वापंधरा इंचांहून किंचित अधिक भरतो. म्हणजे १६ इंची ओंडका हवा. तोही सरळ आणि गाठी नसलेला असेल तर त्याला फळ्यांसाठी चांगली मागणी असते. दोन्ही मँटल बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून गिऱ्हाईकाला दरातील फरक पटत नाही. दरपत्रकात ‘भेंडीसह’ व ‘भेंडविरहित’ असे दोन वेगळे दर छापणे हाच त्यावर सरळ मार्ग आहे.

लांबीचेही असेच आहे. ओंडके बहुधा ८, १०, १२ अशा सम फुटांत, वर काही इंचांची सूट ठेवून तोडलेले असतात. सहा किंवा सात फुटी मँटलसाठी आठ फुटी ओंडकाच लागतो आणि उरलेला तुकडा पुष्कळदा सरपणात जातो. त्यामुळे लांबीवर, म्हणजे धावत्या फुटावर, दर लावणाऱ्याने खरेदीची लांबी धरावी, विक्रीची नव्हे.

सुकवण

ताज्या कापलेल्या लाकडातील पाणी इंचाला साधारण वर्ष या ठोकताळ्याने हवेत सुकते. सहा इंची ओकला प्रत्यक्षात त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. हिवाळ्यात तापवलेल्या घरात लाकडाची आर्द्रता सहा ते आठ टक्क्यांवर स्थिरावते. तोपर्यंत लाल ओकची आठ इंच रुंदी वलयांच्या दिशेने जवळजवळ अर्धा इंच आटते. म्हणून मिलचालक कच्ची तुळई मापापेक्षा मोठी कापतो व सुकल्यावर रंधा मारून मापात आणतो. ही वाढीव जाडी गिऱ्हाईकाला दिसत नाही, पण ओंडक्यातून ती द्यावीच लागते.

साध्या भट्टीत जाड ओक घाईने सुकवला तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि आतून चिरा पडतात. निर्वात भट्टी हे काम लवकर करते, परंतु ती महाग असल्याने लहान मिलकडे क्वचितच असते. म्हणून बाजारातील बरेच मँटल ‘अंशतः सुकलेले’ असतात. तसे सांगून विकण्यात गैर काही नाही. न सांगता विकले तर पहिल्याच हिवाळ्यात तडक्याचा फोन येतो. उत्तर पांढऱ्या पाइनसारखे मऊ लाकूड लवकर सुकते, कमी आटते व स्वस्तही पडते. काळा अक्रोड आणि चेरी रंगासाठी मागितले जातात.

रसकाष्ठात लपलेल्या भुंगेऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. मालाच्या लाकडी पेट्यांसाठी असलेल्या ‘आयएसपीएम १५’ या आंतरराष्ट्रीय मानकात गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटे राखण्याची अट आहे. मँटलला ती लागू नसली तरी भट्टीचे पैसे कशासाठी घेतले हे समजावताना तिचा आधार घेता येतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये एमराल्ड ॲश बोरर हा कीटक आढळल्यानंतर मेलेल्या ॲश वृक्षांचे ओंडके लहान मिलकडे मोठ्या प्रमाणावर आले. अशा लाकडात ही विचारणा हमखास होते.

एक नमुना हिशेब

पुढील दर केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत. न सुकवलेल्या ओक फळीचा दर बोर्ड फुटाला ३ डॉलर समजू. नवखा मिलचालक २४ बोर्ड फूट गुणिले ३ असे करून मँटलचे ७२ डॉलर सांगतो.

१६ इंची, आठ फुटी ओंडक्याच्या फक्त फळ्या काढल्या असत्या तर ८५ बोर्ड फुटांचे २५५ डॉलर आले असते. त्याच ओंडक्यातून भेंडविरहित दोन तुळया काढल्यास बाजूंच्या भागांतून सुमारे २८ बोर्ड फूट फळ्या निघतात, म्हणजे ८४ डॉलर. राहिलेले १७१ डॉलर दोन मँटलमधून वसूल व्हायला हवेत, म्हणजे प्रत्येकी साडेपंचाऐंशी. दोन फुटांचे उरलेले तुकडे यात फुकट गेले असे धरले आहे. भट्टीचा खर्च बोर्ड फुटाला एक डॉलर धरला तर २४ डॉलर वाढून एकशे साडेनऊ होतात. दहापैकी एक तुळई सुकताना वाया जात असेल तर तिचा भार उरलेल्या नऊंवर टाकावा लागतो व आकडा १२२ च्या आसपास जातो. रंधा, घासणी, तेल यांना दोन तास, तासाला ३० डॉलर. एकूण सुमारे १८२ डॉलर, म्हणजे ७२ च्या अडीचपट. यात नफा अजून आलेला नाही. वाढीव जाडी, पाते, वीज व जागेचे भाडेही यात नाही.

गिऱ्हाईकाने स्वतःचा ओंडका आणला तर मिलचालक तासाप्रमाणे किंवा बोर्ड फुटाप्रमाणे फक्त कापणावळ घेतो. घराच्या अंगणातील झाडात जुने खिळे, तार किंवा झुल्याचे आकडे गाडलेले असतात. त्यामुळे पाते तुटल्यास त्याची भरपाई कोणी करायची, हे आधी लिहून घेण्याची पद्धत आहे. वुड-मायझर ही कंपनी १९८२ मध्ये इंडियाना राज्यात सुरू झाली. तिच्यासारख्यांच्या हलवता येणाऱ्या पट्टा-करवतीमुळे असा एकेका ओंडक्याचा व्यवहार परवडू लागला. जुन्या चक्री करवतीच्या प्रत्येक कापात साधारण पाव इंच लाकडाचा भुसा होई. पट्टा-करवतीत तो त्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी होतो.

आगीपासूनचे अंतर

मँटलचे माप ठरवताना शोभेआधी सुरक्षेचा विचार करावा लागतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या निवासी बांधकाम संहितेनुसार विटांच्या फायरप्लेसच्या तोंडापासून ६ इंचांच्या आत जळणारे लाकूड बसवता येत नाही. त्यापुढे १२ इंचांपर्यंत, अंतराच्या प्रत्येक इंचामागे एक अष्टमांश इंचच लाकूड भिंतीबाहेर आलेले चालते. म्हणजे तोंडापासून ८ इंचांवर अवघा एक इंच. आठ इंच खोल मँटल हवा असेल तर त्याची खालची कड किमान १२ इंच वर असायला हवी. कारखान्यात तयार झालेल्या धातूच्या फायरप्लेसला मात्र उत्पादकाने दिलेले अंतर पाळावे लागते व स्थानिक नियम अधिक कडक असू शकतात. हे माप न विचारता ऑर्डर घेणारा मिलचालक पुढे खोली कमी करून मागणाऱ्या गिऱ्हाईकाला नकार देऊ शकत नाही, आणि एकदा कापलेल्या तुळईत लाकूड परत घालता येत नाही.

व्यवहार

ठरावीक मापाचा मँटल दुसऱ्याला विकणे कठीण असल्याने आगाऊ रक्कम घेतली जाते. पावतीवर लाकडाची जात, भेंड आत की बाहेर, सुकवणीची अवस्था व तुळईचे तयार माप नोंदवले जाते. नैसर्गिक चिरा दोष मानल्या जाणार नाहीत, असेही त्यावर लिहिलेले असते. वरील मापाचा सुका ओक मँटल सुमारे ४० किलो भरतो. त्यामुळे घरपोच नेणे व भिंतीत बोल्टने बसवणे यांचे पैसे वेगळे लावले जातात.