दहा भाग गारगोटी

गारगोटी कुटून, दळून, गाळून घ्यायची. अशा दहा भाग पुडीत एक भाग काचेचं चूर्ण आणि एक भाग बारीक पांढरी माती मिसळायची. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने १३०१ साली लिहून ठेवलेली ही कृती. त्याचं घराणं नामांकित कुंभारांचं. तो स्वतः मात्र इलखानी दरबारातला इतिहासकार. रत्नं, खनिजं आणि सुगंधी द्रव्यांवरच्या त्याच्या फारसी ग्रंथाचं शेवटचं प्रकरण भांडी आणि फरशा घडवण्यावर आहे. इस्लामी मृत्पात्रांवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक हाती घेतलं की हे प्रकरण भेटतंच.

असं पुस्तक मराठीत आणताना अनुवादक पहिल्याच पानावर अडखळतो. ‘मातीची भांडी’ म्हणावं, तर बारा भागांत माती एकच. ‘चिनी माती’ म्हणावं, तर वाचकाला केओलिनचं खरं पोर्सलेन आठवणार. मूळ इंग्रजी पुस्तकांतही एकवाक्यता नाही. याच मिश्रणाला कोणी फ्रिटवेअर म्हणतं, कोणी स्टोनपेस्ट. जुने लेखक फायन्स लिहून जातात आणि तोच शब्द कथिलाची पांढरी झिलई दिलेल्या साध्या मातीच्या भांड्यांनाही लावतात. त्यामुळे शब्दकोशाआधी चित्र पाहावं लागतं.

लस्टरच्या, म्हणजे झिलईवरच्या धातूसारख्या चकाकीच्या, बाबतीत मराठी अचानक श्रीमंत निघते. अबुल कासिमच्या यादीतले तांबडे-पिवळे आर्सेनिक म्हणजे आपले मनशीळ आणि हरताळ. सोनेरी-रुपेरी मार्कासाइटला वैद्यांचे सुवर्णमाक्षिक आणि रौप्यमाक्षिक जवळचे.

खरा फसवा शब्द पुढेच आहे: ‘सोनेरी मुलामा’. या भांड्यांवर सोनं नसतंच. भाजलेल्या झिलईवर चांदी-तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढतात, भांडं पुन्हा धुराच्या भट्टीत मंद आचेवर ठेवतात आणि वरचा थर घासून काढला की चकाकी उघडी पडते. क्रियापद चुकलं की तंत्रच बदलतं.

म्हणूनच जेम्स ॲलन यांनी १९७३ मध्ये अबुल कासिमच्या प्रकरणाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, तेव्हा त्याला तांत्रिक टिपांची जोड दिली. अली मुहम्मद इस्फहानी या कारागिराने लिहिलेली अशीच माहिती १८८८ साली एडिंबरामध्ये इंग्रजीत छापली गेली होती. तिच्या जवळपास सहा शतकं आधीचा मजकूर उलगडताना तीही हाताशी असते.

उरतात ती चुकीची नावं. तुर्कस्तानातल्या इझनिकची भांडी एकोणिसाव्या शतकात ‘ऱ्होड्सची’ म्हणून संग्रहालयांत नोंदली गेली, कारण कितीतरी नमुने त्या बेटावरून खरेदी झाले होते. जुन्या लेखकाचं विधान बदलायचा अधिकार अनुवादकाला नाही. मग मजकुरात ‘ऱ्होड्स’ तसंच राहतं, खाली टीप येते आणि सूचीत एकाच थाळीसाठी दोन नोंदी पडतात.