पुस्तकाचे शिल्प होते तेव्हा

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबागच्या रस्त्याला लागले, की समकालीन कलेच्या जागा वाटेतच भेटतात. मुंबईत १९९७ मध्ये सुरू झालेली ‘द गिल्ड’ ही गॅलरी कुलाबा सोडून याच रस्त्यावर रांजणपाड्याला आली. चोंढीजवळ बामणसुऱ्याला दशरथ पटेल यांच्या कामाचे संग्रहालय उभे राहिले. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेच्या उभारणीत मोठा वाटा असलेल्या या कलावंताने आयुष्याचे अखेरचे दशक याच भागात काढले.

इथे येणाऱ्याला कॅनव्हास, दगड, मातीकाम ओळखीचे असते. छापील पुस्तकच कापून, घड्या घालून, चिकटवून केलेली वस्तू समोर आली तर मात्र मराठी माणूस थबकतो. पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, दसऱ्याला ते पाटीशेजारी पूजेत मांडतो. त्याच पुस्तकावर ब्लेड चालवायचे आणि मोजक्या प्रती करून विकायच्या, यामागे काय विचार असतो?

तीन पेन्सचे पुस्तक

या कलेचे सगळ्यांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. चित्रकार टॉम फिलिप्स यांनी १९६६ मध्ये ठरवले, की तीन पेन्सला मिळेल ते पहिले पुस्तक घ्यायचे आणि त्यावर काम करायचे. हाती आली डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ मधली, विस्मरणात गेलेली कादंबरी, ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’. फिलिप्स प्रत्येक पानावर रंगवत गेले आणि मोजकेच शब्द उघडे ठेवत गेले. उरलेल्या शब्दांतून वेगळीच कथा उभी राहिली, तिला वेगळा नायकही मिळाला. ‘अ ह्यूमुमेंट’ नावाने ती १९८० मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी निघाली आणि शेवटची, सहावी आवृत्ती २०१६ मध्ये आली. त्याच कादंबरीवर हा माणूस पन्नास वर्षे परत परत बसला. मॅलॉकला त्याच्याइतके बारकाईने दुसऱ्या कोणी वाचले असेल असे मला वाटत नाही.

त्याच १९६६ मध्ये जॉन लेथम यांनी अगदी उलट्या वृत्तीचे काम केले. ते शिकवत असलेल्या कलाशाळेच्या ग्रंथालयातून त्यांनी समीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग यांचे ‘आर्ट अँड कल्चर’ आणले आणि पाहुण्यांना बोलावून त्याची पाने चघळायला लावली. चोथ्यावर रासायनिक प्रक्रिया करून तो बाटलीत भरला. पुस्तक परत मागणारे पत्र आले तेव्हा लेथम यांनी ती बाटली नेऊन दिली, आणि त्यांची नोकरी गेली. बाटली, पत्रे आणि बाकीचे सामान ठेवलेली चामडी पेटी आज न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. त्यातला राग समजतो. तरी ग्रंथालयाची, म्हणजे दुसऱ्या वाचकांची प्रत अशी वापरणे मला पटत नाही.

बेल्जियमचे कवी मार्सेल ब्रोथार्स यांची गोष्ट या दोघांहून हळवी आहे. त्यांनी १९६४ मध्ये आपल्याच कवितासंग्रहाच्या न खपलेल्या प्रती प्लास्टरमध्ये रोवल्या. कविता वाचायच्या तर शिल्प फोडावे लागेल. पाहणाऱ्यांपैकी कोणालाच आतल्या मजकुराचे कुतूहल वाटले नाही, असे त्यांनी पुढे नोंदवले. पुस्तकशिल्प पाहताना ही नोंद मनाशी ठेवावी. आत काय होते हे कळावेसे वाटले नाही, तर ते शिल्प कागदाच्या कुठल्याही गठ्ठ्याचे झाले असते.

ब्लेड लावण्याआधी

काम सुरू होते बांधणी तपासण्यापासून. जुजबांधणीचे, म्हणजे फर्मे घडी घालून दोऱ्याने शिवलेले पुस्तक कापणीचा ताण सोसते. नुसत्या डिंकावर चिकटवलेल्या कण्याची पाने सुटतात. कागद पिवळा पडून ठिसूळ झाला असेल तर बारीक कोरीव काम तुटते.

अमेरिकेचे ब्रायन डेटमर जुने ज्ञानकोश आणि शब्दकोश घेतात. आधी पुस्तकाच्या कडा लेप देऊन पक्क्या करतात, त्यामुळे ते एकसंध ठोकळ्यासारखे होते. मग वरून एकेक पान कोरत आत जातात. ठेवायचे चित्र किंवा शब्द लागला की त्याच्या भोवतीचा कागद काढतात. बाहेरचे काही घालत नाहीत, आतले काही हलवत नाहीत. चित्र ज्या पानावर छापले होते, तिथेच राहते. पुढच्या पानावर काय निघेल हे कोरेपर्यंत दिसत नाही, म्हणून दुसऱ्या प्रतीवर तेच काम तंतोतंत उतरवणे जवळपास अशक्य असते.

मग आवृत्ती कशी काढतात?

ठशावरून छापलेल्या चित्राखाली ३/१० असे लिहिलेले असते: एकूण दहा प्रती, त्यांतली ही तिसरी. कलावंत स्वतःसाठी थोड्या जादा प्रती ठेवतो, त्यांवर ‘ए. पी.’, म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, असे लिहितात. हाताने कापलेल्या पुस्तकांच्या आवृत्तीत मात्र प्रत्येक प्रत थोडी वेगळी होणारच. प्रामाणिक कलावंत तसे लिहून देतो. विकत घेणाऱ्याने एकूण प्रती किती, जादा किती, मूळ पुस्तक आणि त्याची आवृत्ती कोणती, हे सहीनिशी मागून घ्यावे.

यंत्राने कापले तर प्रती एकसारख्या निघतात. अमेरिकी कादंबरीकार जोनाथन सॅफ्रन फोअर यांनी २०१० मध्ये पोलिश लेखक ब्रुनो शुल्झ यांच्या कथांच्या इंग्रजी अनुवादातले शब्द पानोपानी काढून ‘ट्री ऑफ कोड्स’ केले. प्रत्येक पानावरच्या खिडक्या वेगळ्या, म्हणून प्रत्येक पानाला वेगळा साचा लागला. एका पानाच्या भोकातून पुढच्या पानावरचे शब्द दिसतात. हे पुस्तक दुकानात विकले गेले आणि ते वाचताही येते.

आपल्याजवळचे उदाहरण मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचे. २०११ मधल्या ‘समवन एल्स’ या कामात त्यांनी टोपणनावाने किंवा निनावी लिहिलेली १०० पुस्तके स्टेनलेस स्टीलमध्ये घडवली. मुखपृष्ठे धातूवर कोरली आणि लेखकाने नाव का लपवले त्याचे कारणही तिथे दिले. कोणी सरकारच्या भीतीने, कोणी बाई म्हणून छापणार नाहीत या धास्तीने नाव बदललेले. पुस्तके उघडत नाहीत, आणि नाव झाकून लिहिणाऱ्यांबद्दलच्या कामात त्यांचे बंद असणे मला फार नेमके वाटते. यात एकाही छापील प्रतीला धक्का लागलेला नाही.

काय कापू नये

न खपलेली पुस्तके किलोवर रद्दीत जातात आणि त्यांचा लगदा होतो, हे आपण मुकाट्याने चालवून घेतो. त्या ढिगातली, भरपूर प्रती शिल्लक असलेली प्रत कलावंताने उचलली तर तक्रार करण्यासारखे काही नाही. हस्तलिखित पोथीचे तसे नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुने, साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. शिळाप्रेसवर छापलेल्या जुन्या मराठी पोथ्याही दुर्मीळ आहेत. त्यांना ब्लेड लावू नये.

लेखकाचा हक्कही पाहावा लागतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि कायद्याचे ५७ वे कलम कृतीची मानहानीकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाला देते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांना याच कलमावर २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्याय मिळाला. विज्ञान भवनातले त्यांचे भित्तिशिल्प सरकारने काढून टाकले होते. नवशिक्याने हरी नारायण आपट्यांसारख्या, १९१९ मध्ये वारलेल्या लेखकाची सहज मिळणारी आवृत्ती घ्यावी. तीसुद्धा आधी वाचून.

किनाऱ्यावरची काळजी

अलिबाग परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय हवेत खार. मांडव्याकडची कितीतरी घरे शनिवार-रविवारीच उघडतात, आणि बंद घरातल्या दमट हवेत कागद फुगतो, बुरशी धरते, कसर आणि वाळवी लागते. कोरलेल्या पुस्तकाला कडा जास्त, म्हणून ओल शिरायला वाटाही जास्त. जुने बांधणीवाले खळीत मोरचूद घालत ते कीड लागू नये म्हणूनच.

शिल्प समुद्राकडच्या भिंतीवर किंवा थेट उन्हात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या काचपेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात, आणि पेटी भिंतीपासून चार बोटे सुटी ठेवावी. घर जूनपासून बंद राहणार असेल, तर शिल्प पाऊस सुरू होण्याआधीच कोरड्या, राहत्या घरी हलवावे.