परसदारची पाहुणी

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळची कोवळी उन्हे आमच्या बडोद्याच्या घराच्या परसात नुकतीच उतरली होती. विहिरीच्या काठावर चिमणीएवढा एक तपकिरी पक्षी येऊन बसला. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "चिरक आहे."

ओसरीवर शेकत बसलेली आई नव्वदीची. नजर अधू, पण पारख शाबूत. ती म्हणाली, "चिरक शेपूट उभी करून मिरवते रे. हिची तर थंडी भरल्यासारखी थरथरते आहे."

मी जरा खट्टू झालो. वडिलांच्या कपाटातले सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' काढले. 1941 साली प्रथम निघालेल्या या पुस्तकाने किती घरांना पक्ष्यांची ओळख करून दिली असेल! चित्रे ताडून पाहिली. चिरकीच्या मादीची शेपटी काळपट, तांबूस रंग फक्त शेपटीच्या बुडाखाली. आमच्या पाहुणीची शेपटीच विटकरी! शिवाय ती काठावरून टपकन खाली उतरे, पाचोळ्यातला किडा टिपी आणि पुन्हा जागेवर येऊन मान लववी. शंका उरली नाही. ती थिरथिऱ्याची मादी होती. नर अंगाने काळा, पोटाने तांबडा.

शेजारच्या गुजराती काकींना सांगितले, तर त्या हसून म्हणाल्या, "ए तो थरथरो!" पुस्तक उघडून मी जे शोधले, ते त्या नावात आणि आईच्या अधू नजरेत आधीच होते. रंग उन्हासावलीत फसवतात. लकब फसवीत नाही.

हिमालयाच्या उंच पट्ट्यात आणि त्यापलीकडे तिबेट, मध्य आशियात हे पक्षी वीण घालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात मैदानात उतरतात आणि मार्च-एप्रिलात परततात. एवढीशी पाखरे, पण केवढी मजल!

आता एक कबुली देतो. त्याच आठवड्यात परसात फरशी घालायला गवंडी यायचा होता. मुलांना मोटार ठेवायला जागा हवी. जुनी भिंत, पाचोळा, विहिरीचा काठ, सारे जाणार होते. आई भांडली नाही. एवढेच म्हणाली, "पाहुणी घरात असताना कुणी घर खणते का?"

आपले पूर्वज गायकवाडांच्या मागोमाग या गावात आले, तेव्हा त्यांनाही कुणी तरी ओटीवर जागा दिलीच असेल. मी गवंड्याला चैत्राचा वायदा दिला.

फाल्गुन सरता सरता काठ रिकामा झाला. चैत्रात गवंडी आला, पण फरशी विहिरीच्या अलीकडेच थांबली. पलीकडची भिंत, पाचोळा आणि माती तशीच आहे. मोटार थोडी तिरकी उभी राहते. आश्विन लागला, की आई रोज सकाळी विचारते, "काठावर कुणी बसलंय का रे?"