चेकनाक्याच्या त्या बाजूचा उमेदवार

दहिसर चेकनाक्याच्या मुंबईकडच्या बाजूला राहणारा, यादीत नाव असलेला पंचविशीपुढचा कुणीही मतदार थेट वाराणसीतून लोकसभेला उभा राहू शकतो. नाक्यापलीकडच्या मिरा-भाईंदर मतदारसंघातून आमदारकीही लढवू शकतो. पण त्याच मिरा-भाईंदरचा नगरसेवक व्हायचं म्हटलं, तर पहिल्याच छाननीत अर्ज बाद! देशाचे कायदे करायला तो चालतो, पेणकरपाड्याच्या गटाराची चौकशी करायला चालत नाही.

मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा छपाईची चूक वाटली होती. चूक नाही, रचनाच तशी आहे. सर्वसाधारण जागेवर लोकसभेसाठी देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की पुरे. म्हणून तर पुण्यात जन्मलेले मधू लिमये बिहारमधल्या मुंगेर आणि बांक्यातून निवडून आले. विधानसभेसाठी नाव राज्यातल्या यादीत हवं. महापालिकेसाठी त्याच शहराच्या यादीत. पद जितकं खाली, तितकं कुंपण जवळ येतं. राज्यसभेचा प्रवास तर उलटाच झाला. तिथे उमेदवार त्या राज्याचा मतदार असावा लागे. 2003 मध्ये ती अटच काढून टाकली आणि 2006 मध्ये कुलदीप नय्यर यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला.

शहराच्या आत मात्र कायदा एकदम सैल होतो. उत्तनच्या यादीत नाव असलेली बाई मिरा रोडच्या प्रभागातून खुशाल उभी राहू शकते. सूचक आणि अनुमोदक तेवढे त्या प्रभागातले शोधावे लागतात. वय 21 पूर्ण हवं, म्हणजे मत देता येतं त्यापेक्षा तीन वर्षं जास्त.

आता ही यादी येते कुठून? महापालिका स्वतः दारोदार फिरून नावं लिहीत नाही. विधानसभेची यादी घ्यायची आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडायचे. मिरा-भाईंदरमध्ये त्यातही गंमत आहे. शहराचा मोठा भाग 145 क्रमांकाच्या मिरा-भाईंदर मतदारसंघात, तर काही भाग शेजारच्या ओवळा-माजिवडा मतदारसंघात. दोन याद्या कापून, जोडून 95 नगरसेवकांच्या शहराची एक यादी होते. 15 जानेवारी 2026 च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 ची यादी धरली होती. दिवाळीत इथे राहायला येऊन जानेवारीत उभं राहू, असा बेत कुणी केला असेल तर तो तिथेच संपला.

आणि ‘राहणं’ म्हणजे काय? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात याचं उत्तर आहे, आणि ते वाचताना एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याशी बोलल्यासारखं वाटतं. नुसतं घर नावावर असलं म्हणजे माणूस तिथला रहिवासी होत नाही. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले मिरा रोडचे फ्लॅट आठवा. उलट, तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास तुटतही नाही. मासेमारीसाठी कित्येक दिवस समुद्रात असलेला उत्तनचा कोळी उत्तनचाच राहतो.

नाव मात्र एकाच ठिकाणी. इथे कोकणातल्या चाकरमान्याची पंचाईत होते. तीस वर्षं भाईंदरला काढली, मुलं इथेच शिकली, पण “आमचं मत गावाला” असं अभिमानाने सांगतो. सांगू दे. मात्र गावच्या यादीतून नाव काढून इथे आणल्याशिवाय त्याला महापालिकेचा उमेदवारी अर्ज भरता येत नाही. मधला मार्ग म्हणून दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे, आणि नाव घालताना खोटं लिहून दिलं तर शिक्षा एक वर्षापर्यंतच्या कैदेची.

कायदा काय विचारत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. जन्म कुठला, मातृभाषा कोणती, शहरात किती वर्षं काढली, यातलं काहीही नाही. 2001 च्या जनगणनेत सुमारे 5 लाख 20 हजारांचं हे शहर 2011 मध्ये 8 लाख 9 हजारांवर गेलं. जन्मगावाची अट असती तर सभागृहातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या, असं मला वाटतं.

राहिलं नागरिकत्व. ते यादीच्या दारातच तपासलं जातं, कारण भारताचा नागरिक नसलेल्याचं नाव यादीत येऊच शकत नाही. आपल्याला हे इतकं स्वाभाविक वाटतं, की जगात सगळीकडे असंच असेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला उभं राहायला तिथलं नागरिकत्व लागत नाही, राहणं पुरतं. ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी असलेला भारतीय भारताच्याच पासपोर्टवर तिथल्या नगर परिषदेची निवडणूक लढवू शकतो, कारण भारत राष्ट्रकुलात आहे.

म्हणजे भाईंदरची एखादी मुलगी आपलं नागरिकत्व न सोडता लेस्टरची नगरसेविका होऊ शकते. पण तिथलं नागरिकत्व घेतलं, की भारताचं त्याच दिवशी जातं आणि भाईंदरच्या यादीत राहण्याचा हक्कही. मग ओसीआय कार्डावर ती भाईंदरला फ्लॅट घेऊ शकते; मत देऊ शकत नाही.